लाल झाकणाचा डबा

आत्या : अहो बाई, हळू बोला. बाहेर चार माणसं बसलीत.

मावशी : हळूच बोलतेय. गाल बघा केवढा सुजलाय, ओरडायची सोय आहे का मला? मघापासून तुम्हीच किंचाळताय.

आत्या : मग काय करू! फॉर्म भरायला दिला, तर हे असलं लिहून ठेवलंत. नववा प्रश्न. सगळे डोळे मिटून "नाही"वर खूण करतात आणि मोकळे होतात.

मावशी : मी डोळे उघडे ठेवून वाचला. एचआयव्ही आहे का, असं विचारलंय. आहे. अठरा वर्षं झाली. म्हणून "हो"वर खूण केली.

आत्या : शू! भिंतीलाही कान असतात.

मावशी : असू देत. उत्तर नको होतं तर प्रश्न छापलात कशाला?

आत्या : छापायचा म्हणून छापतात. प्रेसवाल्याकडे नमुना तयार होता. अहो, भावाच्या वेळेपासून हे काउंटर सांभाळते मी. आधी तो दात काढायचा, आता त्याचा मुलगा काढतो. तेवीस वर्षांत त्या ओळीला कुणी "हो" म्हटलेलं नाही. आणि तुम्ही तर चांगल्या घरच्या दिसता. कपडे नीटनेटके, नखं कापलेली. मला वाटलं शाळेत वगैरे असाल.

मावशी : मोठ्या इस्पितळात आहे. हत्यारं उकडायच्या खात्यात. सगळे मावशी म्हणतात, तुम्हीही म्हणा.

आत्या : मी कशाला मावशी म्हणू? चांगल्या दहा वर्षांनी लहान असाल माझ्यापेक्षा.

मावशी : मग काही म्हणू नका, पण डॉक्टरांना बोलवा. चार दिवस पातळ पिऊन काढलेत. कालपासून ताप आहे. माझ्या गोळ्या भरल्या पोटी घ्यायच्या असतात, आणि पोट भरायला तोंड उघडावं लागतं.

आत्या : इस्पितळात कामाला आणि दात काढायला आमच्या दारात? तिथे फुकटात होतं की.

मावशी : होतं. पण तिथे माझ्या दाताआधी माझा कागद सगळ्या मजल्यांवर फिरेल. दोन वर्षं राहिलीत नोकरीची. आज समजलं की उद्या मला यंत्रावरून उठवून चादरी मोजायला बसवतील.

आत्या : बसवणारच. तुमच्या हातात हत्यारं कोण देईल?

मावशी : एकशे चौतीस अंशांच्या वाफेतून कुठलाच जंतू जिवंत बाहेर येत नाही. माझ्या हातचा पण नाही आणि तुमच्या हातचा पण नाही. भावानं सांगितलं नव्हतं का तुम्हाला?

आत्या : गेलेल्या माणसाला मध्ये आणू नका. थांबा इथेच. कशाला हात लावू नका. आणि ते पेन… ते राहू द्या तुमच्याकडेच.

मावशी : पेन?

आत्या : घरी न्या. आमच्याकडे ढीगभर आहेत.

मावशी : पेननं होत नाही हो. पण नेते. या दवाखान्यातून काहीतरी घेऊन गेले असं तरी होईल.

डॉक्टर : आत्या, काय चाललंय? पुढचा पेशंट आत का नाही पाठवलास?

आत्या : हा बघ कागद. नववा प्रश्न बघ. मी काही बोलत नाही. बोललं की मी वाईट.

डॉक्टर : बघू… अच्छा. या, आत या बाई. दार लोटून घ्या. नाही, नाही, खुर्चीत नको. त्या स्टुलावर बसा.

मावशी : बसले. आता दात कुठून बघणार? दारातून?

डॉक्टर : हे बघा, स्पष्टच बोलतो. तुमच्यासारख्या केसला जी सोय लागते ती आमच्याकडे नाही. मी चिठ्ठी देतो. मोठ्या इस्पितळात दाखवा.

मावशी : तिथेच हत्यारं उकडते मी, समजलं तर यंत्रावरून उठवून चादरी मोजायला बसवतील. आणि कसली सोय नाही? दात काढायची? बाहेर पाटीवर तर हसरा दात रंगवलाय.

डॉक्टर : दात काढायची आहे हो. पण तुमच्या बाबतीत वेगळी काळजी घ्यावी लागते.

मावशी : कोणती?

डॉक्टर : वेगळी. म्हणजे… विशेष.

मावशी : मीच विचारते. हातमोजे घालता?

डॉक्टर : हा काय प्रश्न झाला!

मावशी : प्रत्येकाला नवे?

डॉक्टर : अर्थात.

मावशी : तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा, सुई नवी, हत्यारं उकडलेली?

डॉक्टर : सगळं. नियमाप्रमाणे.

मावशी : मग माझ्यासाठी आणखी काय करणार होतात? चिलखत घालणार होतात?

डॉक्टर : तुम्हाला गंमत वाटतेय. दात काढला की जखम होते. तुमच्या शरीराला ती भरून काढता आली पाहिजे. उद्या काही कमी-जास्त झालं तर जबाबदार कोण?

मावशी : हा घ्या रिपोर्ट, गेल्या महिन्याचा. रोगाशी लढणाऱ्या पेशी सहाशे चाळीस. रक्तात विषाणू तपासणीत सापडत नाही इतका कमी. प्लेटलेट व्यवस्थित. गोळ्यांची नावं मागच्या बाजूला लिहून आणलीत. आठ वर्षांत एकही गोळी चुकलेली नाही. बाहेर चौघं बसलेत, त्यांच्यापैकी कुणाचा एवढा तरी कागद आहे तुमच्याकडे?

डॉक्टर : रिपोर्ट… चांगला आहे.

मावशी : गोळ्या मिळतात तिथले मोठे डॉक्टरही असंच म्हणतात. "चांगला आहे" आणि मग हातभर मागे सरकतात.

डॉक्टर : ठीक आहे. असं करू. शनिवारी या, सगळे गेल्यावर. शेवटचा नंबर देतो. खुर्चीला प्लॅस्टिक लावून घेऊ, आत्या लाल डबा काढून ठेवेल.

मावशी : आज मंगळवार आहे, डॉक्टर. पू काही शनिवारची वाट बघत बसत नाही. सकाळी दोन बोटं तोंडात जात होती, आता एक जातंय. आणि शेवटचा नंबर कशासाठी?

डॉक्टर : तुमच्यानंतर सगळं नीट पुसून, धुऊन घ्यायला वेळ मिळतो.

मावशी : म्हणजे माझ्या आधीच्या माणसानंतर नीट पुसत नाही.

डॉक्टर : तुम्ही उपचाराला आलात की वाद घालायला?

मावशी : उपचाराला. तुम्ही वादच पुढे केलात, म्हटलं, नाही कशाला म्हणायचं.

डॉक्टर : मीही माणूस आहे. माझ्या घरी चार वर्षांची मुलगी आहे.

मावशी : माझ्या घरी वीस वर्षांची आहे. मला नवऱ्याकडून आलं तेव्हा ती दोन वर्षांची होती. समजलं त्या दिवसापासून सहा महिने मी तिची पापी घेतली नाही. तिचं ताट वेगळं, तिचा टॉवेल वेगळा. रडत यायची आणि मी हात मागे घ्यायचे. का? तर मला कुणी धड सांगितलंच नव्हतं. मग औषधाच्या खिडकीवरच्या एका बाईंनी मला बसवून समजावलं, तेव्हा कुठे पोरीला पोटाशी धरली. ती आज ठणठणीत आहे. पण ते सहा महिने मला अजून भरून मिळालेले नाहीत. मी दहावी नापास बाई, डॉक्टर. तुमच्या भिंतीवर तर दोन-दोन सर्टिफिकेटं टांगलीत. तुम्हाला कुणी काय समजवायचं?

डॉक्टर : मला सगळं माहीत आहे.

मावशी : ते तर आणखी वाईट.

डॉक्टर : मग एक सांगा. हे एवढं सगळं होतं हे तुम्हाला ठाऊक आहे, तर लिहिलंत कशाला? "नाही" लिहिलं असतं तर एव्हाना दात काढून झाला असता. मलाही कळलं नसतं, तुम्हालाही त्रास नसता.

मावशी : वा! हे एखाद्या दलालानं म्हटलं असतं तर राग नसता आला. ऐका. गेल्या वर्षी मी तेच केलं होतं. दुसऱ्या एका दवाखान्यात. "नाही" लिहिलं. जिभेवर, टाळ्याला पांढरं पांढरं साचलं होतं, दह्यासारखं. आग व्हायची. तो म्हणाला, चहा कमी करा, ही पेस्ट वापरा. महिनाभर त्या पेस्टनं घासत बसले. घोट गिळवेना, सात किलोनं उतरले. ती बुरशी होती. माझ्या आजारात होते ती. एकही न चुकवता जुन्या गोळ्या लागू पडेनाशा झाल्या होत्या, बदलायच्या होत्या, आणि तोंड ते ओरडून सांगत होतं. पण ज्याला ते वाचता यायला हवं त्याच्याशीच मी खोटं बोलले होते. तो काय करणार? चहा कमी करा म्हणणार. तेव्हा ठरवलं, पुन्हा नाही. ज्याच्यापुढे तोंड उघडायचं त्याला खरं सांगायचं. मग तो भले बाहेर काढो.

डॉक्टर : तुम्ही एकट्याच आहात असं बोलणाऱ्या.

मावशी : लिहिणारी एकटी. येणारी एकटी नाही.

डॉक्टर : म्हणजे?

मावशी : दर महिन्याला मी गोळ्यांच्या रांगेत उभी असते, माझ्या इस्पितळात नाही, दुसरीकडच्या सरकारी दवाखान्यात. दात दुखतोय म्हटलं, तर पुढच्यानं तुमचंच नाव सांगितलं. मागचीनंही. म्हणे हात हलका आहे, फक्त नवव्या प्रश्नाला "नाही" लिहायचं. तुमचा तो फॉर्म आमच्या रांगेत पाठ आहे लोकांना.

डॉक्टर : काहीतरीच सांगू नका.

मावशी : नका विश्वास ठेवू. मला काय फरक पडतो?

डॉक्टर : किती जण?

मावशी : ज्यांनी मला सांगितलं ते पाच. न सांगणारे वेगळे.

डॉक्टर : आत्या! आत्या, जरा आत ये. आणि लाल डबा घेऊन ये.

आत्या : आणला. हातमोजे घालूनच आणलाय. काय रे, करणार आहेस का हिचं? बाहेर लोक विचारायला लागलेत.

मावशी : हा डबा माझा का? कशाला ठेवलाय असा, सवतीच्या पोरासारखा बाजूला?

आत्या : तसल्या लोकांसाठी. कागदावर कुणी कबूल करत नाही, पण मला माणूस बघितला की कळतं. शितावरून भाताची परीक्षा. गाल बसलेले, अंगात सदरा लोंबतोय, खोकतोय, ट्रकवर वगैरे कामाला असला की मी आपली गुपचूप लाल डबा काढते. डॉक्टरलासुद्धा सांगावं लागत नाही.

मावशी : आणि मी आले तेव्हा?

आत्या : तुमचं निळं पाकीटच काढून ठेवलं होतं, साध्या लोकांचं. ते बघा ट्रेमध्ये. तुम्ही लिहून दिलंत म्हणून थोडक्यात वाचलो.

मावशी : बघू ते निळं पाकीट. हात लावत नाही, तुम्हीच उजेडात धरा. डॉक्टर, तुम्ही बघा. या चिकटपट्टीवरच्या रेघा कुठल्या रंगाच्या आहेत?

डॉक्टर : राखाडी.

मावशी : राखाडी नाही, फिक्कट. चहात दूध जास्त झाल्यासारख्या. वाफ पुरती लागली की या रेघा काळ्या कुळकुळीत होतात. माझ्या खात्यात असं पाकीट बाहेर आलं तर मी ते खिडकीतूनच परत करते, मग सर्जन येऊन ओरडू देत. आणि याचा कोपरा बघा. सुरकुतलाय. ओलं काढून वाळवलंय. खिडकीत ठेवता का हो, बाई?

आत्या : उन्हात ठेवते मी. ऊन चांगलं असतं.

मावशी : ओलं पाकीट बाहेरची घाण शोषून आत घेतं. किती वेळ चालवता यंत्र?

आत्या : दोन शिट्ट्या.

डॉक्टर : आत्या, कसल्या शिट्ट्या?

आत्या : अरे, तो कुकरच आहे की मोठा. दोन शिट्ट्या झाल्या की झालं. सकाळी एवढी गर्दी असते, तूच आतून ओरडतोस, सेट आण, सेट आण. तासभर कोण थांबणार? आणि साधीच तर माणसं आपली, ओळखीची, चांगल्या घरची. त्यांना काय होणार आहे?

डॉक्टर : रोज असं करतेस?

आत्या : गर्दी असली की.

डॉक्टर : गर्दी रोज असते, आत्या!

मावशी : आता लाल डबा दाखवा.

आत्या : तो कशाला? त्याचं मी अगदी चोख करते. घड्याळ लावून. यंत्रात दुसरं काही ठेवत नाही, पूर्ण वेळ, आणि तेही दोनदा. पुरतं थंड आणि कोरडं होईपर्यंत झाकण उघडत नाही. मला माझा जीव प्यारा आहे.

मावशी : बघा, डॉक्टर. कशा रेघा आहेत?

डॉक्टर : काळ्या.

मावशी : कुळकुळीत. आतली पाकिटं खडखडीत कोरडी. बाई, माझ्या हाताखाली असता तर या डब्यासाठी तुम्हाला शाबासकी दिली असती आणि त्या निळ्या पाकिटांसाठी घरी पाठवलं असतं. ज्याला भिता त्याच्यासाठी सगळं शुद्ध, आणि जी आपली माणसं म्हणता त्यांच्या तोंडात हे! मघाशी म्हणालात, थोडक्यात वाचलो. तुम्ही नाही वाचलात. मी वाचले.

आत्या : काय तोंड आहे बाईचं! सुजलंय म्हणून बरं, नाहीतर काय झालं असतं? ऐकून काय घेतोस तू? उचलली जीभ लावली टाळ्याला. कुठल्या कुठल्या लोकांनी येऊन आपल्या दवाखान्याला नावं ठेवायची?

डॉक्टर : गप्प बस जरा, आत्या. मला विचार करू दे.

मावशी : विचार कसला करताय? बाहेर चौघं आहेत. निळी पाकिटं सगळी तसलीच. आज या दवाखान्यात धुतलेल्या तांदळासारखा एकच सेट आहे, आणि तो माझ्या नावाचा आहे. आत्ता, या घटकेला, हात लावता येईल असा पेशंट तुमच्याकडे एकच. बसू का खुर्चीत?

डॉक्टर : आत्या, बाहेरच्यांना सांग, तास-दीड तास लागेल. ज्यांना थांबायचं त्यांनी थांबावं. निळी पाकिटं सगळी फोड, नव्यानं बांध आणि मशीन लाव. पूर्ण वेळ. मी सांगितल्याशिवाय उघडायचं नाही.

आत्या : आणि काय सांगू त्यांना? कारण काय?

डॉक्टर : मशीनमध्ये बिघाड आहे म्हण.

मावशी : पुन्हा "नाही"वरच खूण.

डॉक्टर : तुम्ही खुर्चीत बसा.

आत्या : अरे, प्लॅस्टिक तरी लावू दे!

डॉक्टर : नको. नेहमीसारखं पुसून दे. नाही, थांब, नेहमीसारखं नको. मीच पुसतो.

आत्या : तुझा बाप असता तर…

डॉक्टर : बाबा असते तर शिट्ट्या मोजल्या नसत्या त्यांनी. जा आता.

मावशी : बरं बोललात. पहिल्यांदाच.

डॉक्टर : मान मागे टेका. जमेल तेवढा आ करा. हं… खालची दाढ, शेवटून दुसरी. किडून मुळाशी पू झालाय. वाचणार नाही, काढावीच लागेल. बाकीच्या हिरड्याही लाल आहेत. तोंड कोरडं पडतं का?

मावशी : वाळवंट होतं. उशाशी तांब्या घेऊन झोपते.

डॉक्टर : गोळ्यांनी होऊ शकतं, आजारानंही होतं. लाळ कमी झाली की दात भराभर किडतात. अंगात दुसरा काही दोष नसला तरी. घोट घोट पाणी पीत राहायचं, गोड कमी, आणि दुखो न दुखो, दर सहा महिन्यांनी दाखवायचं. जीभ बाहेर काढा. कडांना काही नाही. टाळा स्वच्छ आहे. बुरशी आत्ता नाहीये.

मावशी : हे ऐकायलाच आले होते मी. एवढंच. कुणीतरी खरं बघून खरं सांगावं.

डॉक्टर : सूज आहे, त्यामुळे बधिर व्हायला वेळ लागेल. दोनदा टोचावं लागेल कदाचित. दुखलं तर डावा हात वर करा.

मावशी : हात वर केला की थांबा, शनिवारी या म्हणू नका.

डॉक्टर : बोलू नका.

(दात निघतो. मावशींच्या तोंडात कापसाचा घट्ट बोळा आहे. तो अर्धा तास दाताखाली दाबून ठेवायचा आहे. आत्या बाहेर आहे.)

डॉक्टर : झालं. मुळासकट आली. पू निघून गेलाय, आजच बरं वाटेल. आज चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही. पाच दिवसांचं औषध लिहून देतो, तुमच्या गोळ्यांशी जुळेल असं. दाबून धरा. बोलायचा प्रयत्न करू नका.

मावशी : हं.

डॉक्टर : तुम्ही गप्प बसलेल्या बऱ्या वाटता.

मावशी : हं!

डॉक्टर : नाही, चेष्टा नाही करत. म्हणजे तुम्ही बोलत असताना मला हे बोलता आलं नसतं. तीन आठवड्यांपूर्वी मला सुई टोचली. वापरलेली. टोपण परत लावताना हातमोज्यातून आत गेली, अंगठ्यात. रक्त आलं. मी हात धुतला, पट्टी लावली आणि त्या पेशंटचा फॉर्म काढून बघितला. नवव्या प्रश्नाला "नाही" होतं. विषय संपवला. साधा पेशंट होता. कोट घालून आला होता हो!

मावशी : …

डॉक्टर : अशी बघू नका. माहीत आहे मला. बहात्तर तासांत औषध सुरू करायचं असतं. परीक्षेत लिहून मार्क घेतलेत त्याचे. पण ते औषध मागायचं म्हणजे कुणाला तरी सांगायचं. तेवढ्यासाठी… आणि तुम्ही आज येऊन म्हणता, रांगेत माझा फॉर्म पाठ आहे.

मावशी : हं.

डॉक्टर : उंच आहे. पन्नाशीचा. डाव्या भुवईवर खूण आहे. पुढचा दात चांदीचा, मीच बसवलाय. तो असतो का तुमच्या रांगेत? बोलू नका, नुसती मान हलवा.

मावशी : …

डॉक्टर : हे "नाही" म्हणून हलवलीत की सांगत नाही म्हणून?

मावशी : …

डॉक्टर : मावशी, मी हात जोडतो. माझ्या जिवाचा प्रश्न आहे. तुम्हाला तर सगळी नावं माहीत आहेत. एक मान हलवायला काय जातं तुमचं?

मावशी : काढते हा बोळा.

डॉक्टर : अजून वेळ झाला नाही, रक्त येईल…

मावशी : येऊ दे. थोडंच बोलणार आहे. नाव मिळणार नाही. भुवईवर खूण असलेल्याचं नाही, नसलेल्याचंही नाही. त्या रांगेत आम्ही एकमेकांना एवढंच देतो. आणि नाव कळून करणार काय? तो "हो" असला तरी तपासणी करायची, "नाही" असला तरी करायची. तुमच्या आत्याचा रोग लागलाय तुम्हाला. तोंड बघून ठरवायचं, कुणाला भ्यायचं.

डॉक्टर : तपासणी… माझ्या ओळखीच्या लॅबमध्ये केली तर गावभर होईल.

मावशी : तिथे कशाला? आमच्या खिडकीच्या शेजारीच खोली आहे. आधी बसवून समजावतात, मग रक्त घेतात. एकदा आता करायची, एकदा तीन महिन्यांनी. बहुतेक काही निघणार नाही. सुईनं लागायची शक्यता फार कमी असते, तीनशे जणांत एखाद्याला. हे माझ्याकडून ऐकावं लागतंय तुम्हाला, याची मला लाज वाटते.

डॉक्टर : तिथे ओळखीचं कुणी भेटतं का हो?

मावशी : भेटतं. सगळ्यांनाच भेटतं. मग जो तो जमिनीकडे बघतो.

डॉक्टर : एकानं जरी पाहिलं ना मला त्या दारात, तर इथे काळं कुत्रं फिरकायचं नाही.

मावशी : आलं ना लक्षात, चादरी मोजायला बसवणं म्हणजे काय ते?

डॉक्टर : आलं.

मावशी : लवकर आलं तर. अठरा वर्षं लागली नाहीत. द्या तो नवा बोळा.

डॉक्टर : हा घ्या. घट्ट दाबा. मावशी… मला एकट्याला नाही जमणार तिथे जायला. पायच उचलणार नाही.

मावशी : उद्या माझी गोळ्यांची तारीख आहे. खिडकी आठला उघडते, मी साडेसातलाच जाऊन बाकावर बसते. हे बघा, तुमच्याबद्दल मला काडीचा आदर वाटत नाही, आणि तिथे मी तुम्हाला ओळख दाखवणार नाही. पण या. शेजारची जागा धरून ठेवते.